दहा मिनिटं पुढे

‘मशीन कधी चुकत नाही’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, कुठेही. समोरचा माणूस बिचारा असतो, त्याला कुणीतरी तसं पढवलेलं असतं, तरी मी त्याच्यावर खेकसते. घरचे म्हणतात, तुझं आता अती होतं. होत असेल. पण ते वाक्य मीसुद्धा एकदा म्हटलंय, आणि जिच्या तोंडावर म्हटलं तिचं पुढे काय झालं हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे मी किती चिडावं हे मला कुणी शिकवू नये.

माझे वडील मुरबाडच्या एका कारखान्यात गेटवर टाइमकीपर होते. नव्वदच्या सुमाराला भातखाचरांना लागून पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, त्यातल्याच एका शेडच्या गेटवर त्यांना एक टेबल, एक स्टूल आणि एक लांबलचक रजिस्टर मिळालं. रोज संध्याकाळी ते दुसऱ्या दिवसाच्या रेघा मारून ठेवायचे. नाव, आत, बाहेर आणि शेरा. शेऱ्याचा रकाना त्यांचा लाडका. ‘पुलावर पाणी’, ‘येष्टी पंक्चर’, ‘पोर तापाने फणफणलंय’ असं काहीबाही त्यात असायचं, आणि शेरा असला की तो उशीर धरला जात नसे. जुना मॅनेजर त्या रकान्यावरून बोट फिरवायचा, एखाद्या शेऱ्याला हसायचा आणि सही करायचा.

टेबलाच्या वर भिंतीवर घड्याळ होतं आणि ते दहा मिनिटं पुढे होतं. बिघडलं नव्हतं, बाबांनीच तसं लावलं होतं. आमच्या भागात घरोघरी हीच रीत. एसटी चुकली की पुढची केव्हा येईल त्याचा नेम नाही, म्हणून घड्याळ पुढे ठेवायचं, घाबरायचं, धावत सुटायचं आणि मग स्टँडवर जाऊन दहा मिनिटं उभं राहायचं. पाहुण्याची नजर घड्याळाकडे गेली की घरातलं कुणीतरी सांगणारच, ‘दहा मिनटं पुढं हाय हां ते.’ चहा विचारायच्या आधी हे सांगायचं. गेटवरही तेच. बायका घड्याळात आठ वाजलेले बघून पळत आत शिरायच्या आणि बाबा रजिस्टरात सात पन्नास लिहायचे. वजाबाकी मनातल्या मनात. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ मात्र चोख, रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांशी जुळवलेलं. संध्याकाळी पाचचा भोंगा ते त्यावर बघून वाजवायचे. कामगार, मॅनेजर, वॉचमन, सगळ्यांना हे ठाऊक होतं, इतकं की त्याबद्दल कुणी बोलत नसे.

मी कॉलेज संपवून शहापूरला एका छोट्या कंपनीत लागले. कंपनी म्हणजे बाजारपेठेत झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, एक कण्हणारा इन्व्हर्टर आणि आमचे सर. सर मोठ्या शहरात शिकलेले, तिथल्या नोकरीला विटून परत आलेले. त्यांना एका भाषेचं वेड होतं. सगळं जग ज्या भाषांत प्रोग्राम लिहीत होतं त्या त्यांना नको होत्या. त्यांना फंक्शनल भाषा हवी होती, जिचं नाव शहापुरात आमच्या दोन खोल्यांबाहेर कुणी ऐकलं नसेल.

त्या भाषेत एखाद्या नावाला एकदा किंमत दिली की ती बदलत नाही. नवं काही हवं असेल तर जुन्यावरून नवं बनवायचं, जुन्याला हात लावायचा नाही. आणि फंक्शनला जे दिलं त्यावरच त्याचं उत्तर ठरणार. तेच दिलं की तेच उत्तर. सकाळी विचारा, संध्याकाळी विचारा, साहेबाने विचारो नाहीतर शिपायाने. मी तर प्रेमातच पडले. तोवर मी पाहिलेलं जग याच्या नेमकं उलट होतं. एका दाखल्यासाठी मी एका कचेरीत चार खेपा घातल्या होत्या आणि त्याच कागदाला चार वेळा चार उत्तरं ऐकली होती. शेवटच्या खेपेला वडिलांच्या ओळखीचा माणूस सोबत होता, तेव्हा तोच कागद एकदम बरोबर निघाला. इथे ओळख चालत नव्हती. मला वाटायचं, असं जग असायला हवं.

त्या भाषेतला वेळेचा एक प्रकार माझा फार आवडता. तास, मिनिट, सेकंद, बस्स. त्याला तारीख नाही, वार नाही, गाव नाही. सर त्याला ‘दिवसवेळ’ म्हणायचे. पंचवीस वाजून सत्तर मिनिटं असली भलती वेळ बनवायला गेलं तर ती भाषा सरळ नकार द्यायची. दोन दिवसवेळा पुढ्यात ठेवल्या की आधीची कुठली आणि नंतरची कुठली ते सांगायची. मध्यरात्रीच्या बारा वाजून पाच मिनिटांतून दहा मिनिटं वजा केली तर अकरा पंचावन्न तर येतातच, पण ‘एक दिवस मागे गेलात’ हेही ती सोबत सांगायची, म्हणजे आपण विसरू नये. एवढी काळजी माणसंसुद्धा घेत नाहीत. फक्त एक गोष्ट ती विचारायची नाही. ही वेळ तुम्ही कुठल्या घड्याळातून आणलीत, हे. तेवढं विचारायचं काम माझं होतं.

बाबांच्या कारखान्यात नवा मॅनेजर आला आणि हजेरीच्या मशीनचं काम आमच्या सरांना मिळालं. कार्ड समोर धरलं की टिंग वाजून वेळ नोंदवणारी मशीन. महिनाअखेर त्या नोंदी फ्लॉपीवर शहापूरला यायच्या, आणि त्यांवरून हजेरीचा रिपोर्ट काढणारा प्रोग्राम मी लिहिणार होते. मॅनेजरने आम्हाला दोघांना खुर्चीत बसवून सांगितलं, ‘मला बहाणे नकोत, टाइम पाहिजे. आठची पाळी. आठ-पाचपर्यंत माफ, त्यापुढे लेट. महिन्यात तीन लेट म्हणजे माणूस बेशिस्त.’ शेऱ्याला जागा नव्हती. मीही मागितली नाही. मला तर ते स्वच्छच वाटलं. ‘उशीर’ नावाचं माझं फंक्शन चार ओळींचं होतं. दिवसवेळ द्यायची, आठ-पाचच्या पुढची असेल तर हो, नसेल तर नाही. सरांनी वाचून मान डोलावली. ‘यात चूक लपायलाच जागा नाही,’ म्हणाले. मी दोन दिवस हवेत होते.

बाबांचं टेबल उचललं गेलं. त्यांना मागे स्टोअरला बसवलं. भोंगा तेवढा त्यांच्याकडे राहिला, कारण तो कोण वाजवतं हे नव्या मॅनेजरच्या लक्षातच आलं नव्हतं. पोरीच्या प्रोग्रामने बापाची खुर्ची घेतली असं गावात चारचौघं बोलले. बाबा एकदाच, जेवताना, म्हणाले, ‘दहा मिनटं वजा करतेस ना गो?’

मी समोर कसला तरी छापील कागद घेऊन जेवत होते. ‘हो हो, सगळं करतो तो प्रोग्राम,’ म्हटलं. मी ऐकलंच नव्हतं.

मशीन बसली त्या दिवशी मला जाऊन तपासायचं होतं. गेले नाही. सरांनी तपासणीचा फॉर्म पुढे केला, सहा चौकटी होत्या, मी शहापूरला खुर्चीत बसून सहाही चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या आणि खाली सही ठोकली. त्यातली तिसरी चौकट अशी होती: ‘मशीनचे घड्याळ प्रमाणवेळेशी जुळवून पाहिले.’

आता जिच्या तोंडावर ते वाक्य म्हटलं तिच्याबद्दल. ती डोंगरावरच्या वाडीतली. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. माझी गणितं ती सोडवायची आणि तिचे निबंध मी लिहायचे. सातवीनंतर तिचं लग्न झालं. वाडीतली बहुतेक घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जायची, पोरंबाळं, कोंबड्या, भांडी सगळं घेऊन, आणि पावसाच्या तोंडाला परतायची. तीही जायची. मग तिला कारखान्यात पॅकिंगला काम लागलं, नवरा रोजावर जायचा, आणि दोन दिवाळ्या ती भट्टीवर गेली नाही. तिची मुलगी तिसरीत होती. वाडीत तिसरीपर्यंत सलग शाळेत बसलेली तीच एक. त्या पावसाळ्यानंतर पॅकिंगच्या काही बायकांना कायम करणार होते आणि यादीत तिचं नाव होतं. कायम झाली म्हणजे भट्टी कायमची सुटली आणि पोरगी चौथीत गेली, एवढा साधा हिशेब. अट एकच, जून ते ऑगस्ट बेशिस्तीचा शिक्का नको.

तिच्याकडे घड्याळ नव्हतं. समोरच्या डोंगराची कड दिसू लागली की ती निघायची, धसईला उतरायची आणि मुरबाडची पहिली एसटी धरायची. ती गाडी तिने कधी चुकवली नाही. स्टँडवरून गेटपर्यंत चालत दहा मिनिटं. आठला पाच कमी असताना ती गेटवर असायची, फार तर चार कमी. पावसात पुलावर पाणी आलं तर गोष्ट वेगळी, पण त्या पावसात पूल एकदाही बुडाला नव्हता.

गणपतीनंतर तीन महिन्यांचा रिपोर्ट बोर्डावर लागला. जूनमध्ये पाच लेट, जुलैत सहा, ऑगस्टमध्ये चार. यादीतून नाव कापलं. धसईच्या गाडीने येणाऱ्या आणखी काही जणींचंही तेच झालं होतं. सायकलवर येणारे, गावातच राहणारे, कुणीही अडकले नव्हते.

रविवारी ती माझ्या घरी आली. बाबा शेतावर होते. ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘मशीनीत काय झालंय बघ ना गो. मी लेट कंदी आले?’

मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘मशीन कधी चुकत नाही. तू लेट आलीस म्हणून तिने लेट दाखवलं. गाडी उशिरा येत असेल.’

‘तीच गाडी, तीच वाट, मी बी तीच. आधी लेट नवते, मंग आता कशी व्हईन?’

मी तिला समजावलं. हे असं झालं, ते तसं झालं, फंक्शन म्हणजे काय, त्यात ओळख चालत नाही, सगळ्यांना एकच नियम. मी शिकवत होते तिला! सातवीपर्यंत माझी गणितं सोडवणारीला! तेच दिलं तर तेच उत्तर यायला हवं, उत्तर बदललं तर मधे काहीतरी बदललंय, हे ती दोन वाक्यांत सांगून मोकळी झाली होती आणि मी पगार घेऊन तेच विसरले होते. तिने माझ्याकडे बघितलं. मग आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. ‘बरं,’ म्हणाली आणि उठली. चहासुद्धा घेतला नाही.

दोन आठवड्यांनी मॅनेजरला आणखी एक रिपोर्ट हवा झाला. पाचच्या आधी कोण कोण पळतं, त्यांची नावं द्या. मी नवं फंक्शन लिहिलं, तीन महिन्यांच्या नोंदी त्यातून काढल्या. एकही नाव आलं नाही. मला शंका आली, म्हणून रोजची सगळ्यात पहिली बाहेर पडलेली वेळ काढून बघितली. पाच अकरा. पाच बारा. पाच अकरा. पाच दहा. तीन महिन्यांत पाच दहाच्या आधी त्या गेटमधून चिटपाखरू बाहेर पडलं नव्हतं. हे कसं शक्य आहे? भोंगा वाजला की पॅकिंगच्या बायका चपला पायात अडकवता अडकवता गेटबाहेर असतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. मी फंक्शन तपासलं. ते बरोबर होतं. पुन्हा तपासलं. बरोबरच होतं. चीड आली. दिवसभर मी ओळीन् ओळ उकरत बसले, फ्लॉपीला शिव्या दिल्या, शेजारच्या खुर्चीतल्या मुलाला उगाच बोलले. काखेत कळसा नि गावाला वळसा.

संध्याकाळी घरी जेवायला बसले होते. शेजारची काकू विरजण मागायला आली. तिची नजर भिंतीकडे गेली आणि आई चुलीपुढून म्हणाली, ‘दहा मिनटं पुढं हाय हां ते.’

मी शेजारी जेवत बसलेल्या बाबांकडे वळले.

‘बाबा, मशीनचं घड्याळ कुणी लावलं?’

‘इलेट्रिशननं. भिंतीवरचं बघून लावलं. एकाच गेटवर दोन येगळे टाइम कशे ठेवायचे, म्हनला.’

‘आणि तुम्ही गप्प बसलात?’

‘गप नाय बसलो. तुला इचारलं मी, वजा करतेस ना म्हणून. तू हो म्हनलीस.’ बाबा ताटावरून उठले नाहीत, आवाज चढवला नाही, तरी मला तोंडात मारल्यासारखं झालं. ‘मी बारा वर्सं वजा केले. मला वाटलं, तू शिकलेली, तू तर करशीलच.’

तेव्हा सगळं उलगडलं. टिंग वाजून आठ-सहा दिसायचं, आणि बायका म्हणायच्या, दहा मिनिटं पुढे आहे, म्हणजे आपण वेळेत. तीन महिने एकीनेही तक्रार केली नाही ती यामुळे. बघणाऱ्या प्रत्येकीने मनात वजाबाकी केली होती. न करणारी मी एकटीच होते. आणि माझा जन्म त्या घड्याळाखाली गेलेला.

दुसऱ्या दिवशी शहापूरला जाऊन मी अर्ध्या तासात काम उरकलं. हेच तर त्या भाषेचं सुख. जुन्या नोंदींना हात लावायचा नाही, प्रत्येक दिवसवेळेतून दहा मिनिटं वजा करणारं एक फंक्शन मधे बसवायचं आणि सगळं पुन्हा काढायचं. आठ-सहाचे सात छप्पन्न झाले. तिच्या तीनही महिन्यांत लेटच्या रकान्यात शून्य आलं. धसईच्या गाडीच्या सगळ्या बायकांचं शून्य. संध्याकाळचे पाच अकरा हे पाच एक झाले, भोंग्याला चिकटून. याहून मोठा पुरावा काय हवा होता?

सरांना दाखवलं. ज्या माणसाला मी देव मानत होते त्याने चष्मा पुसला आणि म्हटलं, ‘आपला कोड बरोबर आहे ना? मग झालं. इनपुट चुकीचं होतं, ते आपल्या स्कोपमध्ये येत नाही.’ स्कोप! त्या दिवसापासून हा शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारू नये. मी म्हटलं, ‘सर, बाईचं नाव कापलंय.’ ते म्हणाले, ‘तू कशाला अंगावर ओढून घेतेस?’ अंगावर ओढून कुठे घेतलं? ते माझ्याच अंगावर होतं, सहीसकट.

ते मॅनेजरने दाखवून दिलं. मी नवा रिपोर्ट घेऊन त्याच्या केबिनमध्ये उभी राहिले. बाबा स्टोअरमधून आले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि दाराशी उभे राहिले. मॅनेजरने कागद चाळले. ‘मॅडम, घड्याळ पुढे होतं तर बाहेर जातानाही पुढेच होतं. झालं ना बरोबर?’

‘बाहेर जाण्यावरून तुम्ही कुणाचं नाव कापलेलं नाही. रेघ आत येताना आहे, आठ-पाचची. वेळेत आलेल्या बायका त्या रेघेपलीकडे ढकलल्या गेल्या.’

‘ते तीन महिने क्लोज झालेत. यादी वर गेली. आता डेटा बदलता येत नाही.’

‘डेटा बदललेला नाही. जुना जसाच्या तसा आहे, त्यावरूनच हे नवं काढलंय. तुम्ही कुणाकडूनही तपासून घ्या.’

त्याने फायलीतून तो फॉर्म काढला आणि तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. ‘ही सही कुणाची?’

मी काही बोलायच्या आत बाबा दारातून म्हणाले, ‘साहेब, ते घड्याळ मी लावलेलं हाय. मी सांगतो ना तुमाला.’

‘तुम्ही स्टोअरचे ना? मग स्टोअर बघा.’ बाबांकडे न बघता बोलला तो. तेवढं झाल्यावर मला म्हणाला, ‘मशीनचं सेटिंग बदलू आपण, उद्यापासून घड्याळ बरोबर लावू. मागचं उकरायचं नाही. मशीन चुकत नाही म्हणून तर आणली ना आपण?’

माझंच वाक्य. मी त्या माणसाच्या टेबलावर कागद आपटले आणि तोंडाला येईल ते बोलले. काय उपयोग? दुसऱ्या दिवशी मशीनचं घड्याळ दहा मिनिटं मागे केलं. इतकी सोपी गोष्ट होती, दोन बटणं दाबायची. यादी तशीच राहिली. महिन्याभराने मी नोकरी सोडली, त्यात शौर्य काही नव्हतं, सरांचं तोंड बघवत नव्हतं एवढंच.

दसऱ्यानंतर मी वाडीवर गेले. चढताना मनात वाक्यं जुळवत होते. ती अंगणात भांडी पोत्यात भरत होती, मुकादमाची गाडी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी येणार होती. मुलगी उंबऱ्यात बसून पाटीवर काही लिहीत होती. मी तिला सगळं सांगितलं, घड्याळ, इलेक्ट्रिशियन, वजाबाकी, मॅनेजर. शेवटी म्हटलं, ‘तू एकदाही लेट नव्हतीस.’

‘ते मला ठावं हाय,’ ती म्हणाली. पोत्याचं तोंड आवळता आवळता थांबली. ‘मला वाटलं, तुला बी ठावं हाय. तुज्या बानंच लावलेलं घड्याळ. तुमच्या घरात बी तसंच. मी त्या दिशी बघितलं ना त्याच्याकडं. मला वाटलं, हिला सगळं ठावं हाय नि तरी नाय बोलत. सायबाची मानूस झाली.’

‘नाही गं. मला खरंच सुचलं नाही.’

ती कडू हसली. ‘मंग त्यापरीस ठावं असतं तेच बरं व्हतं.’

मी रडले नाही. रडायला मला हक्क नव्हता. मला माझी, त्या केबिनची, त्या चार ओळींची, त्यात चूक लपायला जागा नाही म्हणणाऱ्या माणसाची चीड आली होती. ती आत गेली आणि मुलीचं दप्तर घेऊन आली. ‘हे तुज्याकडं ठेव. भट्टीवर धुरळ्यात पुस्तकं ऱ्हात नाय. पावसाला आलो की नेते.’

ते दप्तर आठ महिने आमच्या घड्याळाखालच्या खुंटीवर टांगलेलं होतं. बाबा येता-जाता त्यावरची धूळ झटकायचे. आईने एकदा म्हटलं, आत ठेव की कपाटात. मी ठेवलं नाही.

जूनमध्ये दोघी आल्या. मुलगी उंच झाली होती, हातांना मातीने पडलेल्या भेगा. मी दप्तर काढून दिलं. तिने ते तिथेच ओसरीवर उघडलं, पुस्तकं एकेक करून बाहेर काढली, वास घेतला. तिच्या आईने सांगितलं, शाळेत जाऊन आले, गैरहजेरी फार म्हणून नाव कापलंय, नाव पुन्हा घालावं लागेल म्हणतात. मुलीने गणिताचं पुस्तक मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी कॉम्प्युटर शिकलेली, म्हणजे मला ठाऊक असणार, असं तिला वाटलं असावं.

‘मावशी, मी आता तिसरीत का चौथीत?’

मी तिच्या आईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि या वेळीही तिला उत्तर ठाऊक होतं.